हा सेट ह्या गाडीचा न्हाई

गाडीतला रेडिओ बिघडला म्हणून माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांचा रेडिओ बिघडलेलाच नसायचा. हे पहिल्याच दमात सांगून टाकतो, कारण आयुष्यभर हेच सांगत आलो आणि कुणाला पटलं नाही. आवाज बंद झाला की लोक रेडिओलाच धोपटतात, वरून थापा मारतात, चालू-बंद करून त्याचं बटण ढिलं करतात. खरा दोष असतो फ्यूजमध्ये, वायरीत, टपावरच्या एरियलमध्ये, नाहीतर मालकात.

मालकात म्हणजे कसा, ते ऐका. लातूरचे एक मोठे डॉक्टर आले. म्हणाले, डाव्या बाजूनं आवाज येत नाही. दोन गॅरेजं फिरून झाली होती, दरवाजे उघडून स्पीकर बदलून झाले होते. मी आत बसलो, दोन बटणं दाबली आणि डावीकडून गाणं सुरू झालं. घरातल्या नातवानं खेळता खेळता सगळा आवाज उजव्या बाजूला सरकवून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, "एवढंच होतं?" मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, तुमच्याकडं बी असलेच पेशंट जास्ती येत असत्याल की." ते मनापासून हसले.

उदगीरचा एक तुरीचा व्यापारी तर भांडायलाच आला होता. त्याचं म्हणणं, माझ्या नव्या गाडीत कंपनीनं कर्नाटकातला रेडिओ बसवलाय, मला मराठी रेडिओ पाहिजे. गाव सोडून थोडं पुढं गेलं की ह्याच्या गाडीत कानडी बाई बोलायला लागायची. मी त्याला एक कप चहा पाजला आणि समजावलं की बाबा, रेडिओला गाव नसतं, जवळचं स्टेशन जोरात येतं ते तो धरतो. तो तोंड वाकडं करून गेला. दोन महिन्यांनी तेलडबे घेऊन बाजारात भेटला, तर म्हणतो, "ऱ्हाऊ द्या मिस्त्री, आता त्या बाईचं बोलणं मला कळायलंय."

मी मूळचा भोकरचा. धंदा शिकलो नांदेडला, एका उस्तादांच्या हाताखाली, आणि दुकान टाकलं लातूरला, मार्केट यार्डाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. उस्तादांनी पहिलं वर्षभर मला स्क्रूला हात लावू दिला नाही. गिऱ्हाईक आलं की त्याच्याशी बोलायचं, एवढंच काम. कधी बंद पडतो, कधी सुरू होतो, त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं, कुणी बसलं होतं, पाऊस होता की ऊन होतं. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा कामचुकार आहे. त्यांच्या शेजारी बसून मी हे सगळं शिकलो आणि हुशार झाल्यावर विसरलो. त्याचीच ही गोष्ट आहे.

त्याआधी धंद्याची एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढं अडणार नाही. कंपनीतून गाडीबरोबर येतो त्या रेडिओला आम्ही सेट म्हणतो. त्याच्या मागं बऱ्याच वायरी असतात, पण त्यातली एक पिवळी वायर रात्रंदिवस बॅटरीला जोडलेली असते. तिच्यामुळं सेटला आपलं सगळं लक्षात राहतं. ती वायर क्षणभर जरी सुटली तरी सेटला वाटतं, आपल्याला कुणीतरी चोरून नेलं. मग तो कुलूप लावून बसतो आणि चार आकड्यांचा कोड मागतो. हा कोड गाडी घेताना एका छोट्या कार्डावर लिहून देतात. त्याच कार्डावर सेटचा नंबरही असतो आणि तोच नंबर सेटच्या पाठीवर चिकटवलेला असतो. दोन्ही जुळले की सेट त्याच गाडीचा.

मन्मथअप्पा म्हणजे लातूरचे जुने डाळमिलवाले. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर, बोलणं तोलून-मापून. सकाळी घरातून मिलवर जाताना गाडीत भक्तिगीतं ऐकायची, हा त्यांचा नेम. गाडी पांढरी, सात जणांची. ती चालवायचा गंगाधर. कंधारकडचा माणूस, अकरा वर्षं अप्पांकडं होता. अप्पांच्या घरातल्या बायका रात्री-बेरात्री त्याच्या भरवशावर परगावी जायच्या, ह्याच्यावरून काय ते समजा. स्वतः अप्पांना गाडी चालवता यायची, म्हणजे त्यांच्याकडं लायसन होतं.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दोघं माझ्या दुकानात आले. अप्पा म्हणाले, "मिस्त्री, ह्यो रेडिओ मनानंच बंद पडायलाय. दोन-चार दिवसांनी मनानंच सुरू होतो. आता तर आकडे मागून राहिलाय, आन् कार्डावरचे आकडे टाकले तर घेईना."

मी सेट बाहेर ओढला. पाठीवरचा नंबर बघितला, अप्पांनी दिलेलं कार्ड बघितलं. जुळेनात. पुन्हा बघितलं, तरी जुळेनात. आता इथं मी काय करायला पाहिजे होतं? गप बसायला पाहिजे होतं. चार प्रश्न विचारायला पाहिजे होते. पण दुकानात शेजारचा टायरवाला रज्जाकभाई बसला होता, दोन ड्रायव्हर आपल्या गाड्यांची वाट बघत उभे होते, चहावाला कप गोळा करत होता. एवढी माणसं बघितली की माझ्या जिभेला खाज सुटते, हा माझा जुना रोग. मी कार्ड सेटवर आपटून मोठ्यानं म्हणालो, "अप्पा, हा सेट ह्या गाडीचा न्हाई. कुणीतरी बदलून टाकलाय."

गंगाधर तेव्हा पुढची काच पुसत होता. त्याचं फडकं काचेवरच थांबलं. कुणी त्याच्याकडं बोट केलं नाही, पण सगळे त्याच्याकडंच बघायला लागले. गाडी अकरा वर्षं एकाच माणसाच्या हातात, मग दुसरं कोण बदलणार? तो म्हणाला, "अप्पा, मला काहीच ठावं न्हाई."  मी सेट परत बसवून देत होतो तेवढा वेळ अप्पा रस्त्याकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "गंगाधर, चावी दे."

त्यानं चावी दिली. अप्पा स्वतः गाडीत बसले आणि पहिल्या गिअरमध्येच इंजिन बोंबलवत यार्डाकडं गेले. गंगाधर फडक्याची घडी करून माझ्या टेबलावर ठेवून एसटी स्टँडकडं चालत निघून गेला. रज्जाकभाई म्हणाला, "मिस्त्री, जरा आहिस्ता बोलना था." मी म्हणालो, खरं ते बोललो. तसं मला खरंच वाटत होतं.

अप्पांनी पोलिसांत तक्रार केली नाही, कुणाकडं नावही काढलं नाही. पण बाजारात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. गंगाधर सामान बदलतो, एवढं एक वाक्य पुरलं. ड्रायव्हरच्या धंद्यात माणसाला गाडी चांगली येते की नाही हे नंतर बघतात, चावी दिल्यावर झोप लागेल का ते आधी बघतात. लातुरात त्याला कुणी उभं करेना.

तीनेक आठवड्यांनी मला एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. स्कूलबससाठी गंगाधर नावाचा ड्रायव्हर आला आहे, म्हणाले, मन्मथअप्पांकडं होता म्हणतो. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, मला काही बोलायचं नाही, त्या रेडिओवाल्या मिस्त्रीला विचारा. तेव्हा सांगा, माणूस कसा आहे?

माझ्या हातात तेव्हा सोल्डरिंगचं मशीन होतं. ते तसंच धरून मी उभा राहिलो. चांगला आहे म्हणावं तर माझंच बोलणं खोटं पडत होतं. वाईट आहे म्हणावं तर काचेवर थांबलेलं ते फडकं आठवत होतं. शेवटी मी म्हणालो, "सर, उद्या फोन करता का?" ते म्हणाले, "समजलो," आणि त्यांनी फोन ठेवला. मी काहीच वाईट बोललो नव्हतो आणि तरी एका माणसाची भाकर काढून घेतली होती. त्या दिवशी दुसरं काम हाताला लागेना.

सेट बाहेर काढला की त्याच्या पाठीवरचा सगळा मजकूर वहीत उतरून घ्यायची मला सवय होती. ती वही काढली. अप्पांच्या सेटचा नंबर होता आणि त्याखाली मी सेट बनल्याचा महिना-साल आणि कार्डावरची गाडी घेतल्याची तारीखही लिहिली होती. ते मी दोनदा वाचलं. गाडी ज्या साली घेतली त्याच्या दोन वर्षं नंतर तो सेट बनला होता. आता तुम्हीच सांगा, चोर जुना सेट काढून नेईल आणि त्या जागी कंपनीचा नवाकोरा, त्याच जातीचा सेट बसवून जाईल का? असला चोर मला कुठं भेटला तर मी त्याला हारच घालीन. त्या दिवशी ते साल माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत उतरलं होतं, पण तोंड चालू असताना डोकं बंद होतं.

मी तसाच उठून अप्पांच्या मिलवर गेलो. अप्पा गादीवर बसले होते. मी म्हणालो, "अप्पा, गाडीची फाईल बघायची हाय."

"आता कशाला उकरून काढायलाव? झालं ते झालं."

"झालं न्हाई अप्पा. मी चुकलो असं वाटायलंय मला."

 अप्पांनी मुलाला हाक मारून फाईल मागवली. व्यापारी माणसाचं एक बरं असतं, कागद फेकत नाहीत. सर्व्हिसिंगचे सगळे कागद एकावर एक लावलेले होते. मी एकेक उलटत गेलो आणि गाडी दोन वर्षांची असतानाच्या कागदाशी थांबलो. सतरा ओळींमध्ये एक ओळ होती, सेट ओला होऊन खराब, वॉरंटीत बदलून दिला. बाजूला पेनानं नव्या सेटचा नंबर आणि नवा कोड. खाली सही होती ती अप्पांची.

अप्पांचा मुलगा म्हणाला, "हाव की. तेव्हा गंगाधर आठ दिवस गावाकडं गेला होता. मीच गाडी नेली होती, अप्पा संगट होते." सर्व्हिसिंगच्या कागदावर सही करताना सतरा ओळी कोण वाचतं? नवा कोड टाकून गाडी मिळाली, जुनं कार्ड जुन्या जागी राहिलं आणि सगळे विसरून गेले. गंगाधरला तर माहीत असायचं कारणच नव्हतं.

अप्पांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. मग म्हणाले, "पर मिस्त्री, रेडिओ बंद का पडतो? ते गंगाधरनं केलं नसंल कशावरून?" त्यांचंही बरोबर होतं. अर्धवट सुटलेला माणूस सुटलेला नसतोच. मी म्हणालो, गाडी अंगणात घ्या.

आणि ह्या वेळी स्क्रूला हात लावायच्या आधी विचारायला बसलो. कधी बंद पडतो? अप्पा म्हणाले, कधी बी. पाऊस असला की? न्हाई, उन्हाळ्यात बी पडतो. गाडी धुतली की? अप्पा हसले. "लातुरात गाडी रोज धुवायला पाणी कुठंय मिस्त्री? गंगाधर नुसतं फडकं मारायचा. आवसंला तेवढी मिलच्या बोअरवर नळी लावून धुवायचा, नारळ फोडायचा, लिंबू-मिरच्या बांधायचा." एवढं बोलून अप्पा थांबले. "आन् मग दुसऱ्या दिवशी गाणी लागायची न्हाईत. आमच्या घरात तर म्हणतेत, ह्या गाडीला आवस बाधती."

मी म्हणालो, "बाधतीय खरी. नळीनं बाधतीय."

सेट बाहेर काढला. एरियलची वायर जिथं सेटला लागते तिथं पांढरं साचलं होतं, बोअरच्या जड पाण्यानं बादलीच्या बुडाला साचतं तसंच. पिवळ्या वायरीच्या टोकालाही तेच. म्हणजे पाणी येत होतं, पण कुठून? टपावर पुढच्या बाजूला एरियलची काडी होती आणि तिला भगवी पताका बांधलेली होती. मी काडी हलवली तर ती बुडातून डुगडुगली. तिच्या बुडाचं रबर फाटून गेलं होतं.

"अप्पा, ही पताका कुणी बांधली?"

"मीच. दर श्रावणात सोमवारी मी माझ्या हातानं बांधतो."

नुसतं सांगून भागणार नव्हतं. मी घरातून तांब्याभर पाण्यात हळद कालवून आणायला सांगितली. सेटच्या जागी वायरीच्या टोकाखाली एक पांढरा रुमाल ठेवला आणि टपावर एरियलच्या बुडाशी ते हळदीचं पाणी हळूहळू ओतलं. अप्पा, त्यांचा मुलगा आणि मिलचे दोन हमाल वाकून रुमालाकडं बघत होते. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मला वाटलं, आता इथं बी तोंडघशी पडतोय. आणि मग वायरीच्या टोकाला एक पिवळा थेंब जमला आणि रुमालावर पडला. त्याच्यामागून दुसरा पडला.

मला एवढं हायसं वाटलं की मी मांडी घालून जमिनीवरच बसलो. पाणी फाटक्या रबरातून आत शिरत होतं, वायरीच्या अंगाअंगानं काचेच्या बाजूच्या खांबातून उतरून सरळ सेटच्या पाठीवर पडत होतं. एरियलचं टोक ओलं झालं की गाणी बंद व्हायची आणि सुकलं की मनानंच लागायची; ह्या खेपेला पिवळ्या वायरीच्या टोकालाही पाणी लागलं आणि सेट कुलूप लावून बसला.

अप्पा म्हणाले, "म्हणजे पताका बांधून ढिलं मी केलं, आन् धुताना पाणी गंगाधरनं घातलं. दोघं बी देवाचंच करायलोत म्हणून."

"हाव अप्पा."

"आन् चोर त्यो झाला."

"चोर मी केला त्याला, अप्पा. तुम्ही न्हाई."

त्याच दुपारी मी नवं रबर बसवलं, वायरींची टोकं घासली आणि एरियलच्या वायरीला सेटच्या आधी खाली लोंबतं वळण दिलं, म्हणजे कधी पाणी उतरलंच तरी ते तिथूनच खाली गळून जाईल. कागदावरचा कोड टाकला आणि सेट लगेच बोलायला लागला. पताका अप्पांनी आत, समोरच्या देवाशेजारी लावली. पण भक्तिगीत लागलं तसं त्यांनी हात पुढं करून बंद केलं. म्हणाले, "बसा गाडीत. कंधारला जायचंय."

अप्पांनी गाडी चालवली तो रस्ता मी कधी विसरणार नाही. अहमदपूर येईपर्यंत माझ्या पायानं नसलेला ब्रेक दाबून दाबून पोटरी दुखायला लागली होती. कंधारला पोचलो तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. गंगाधर स्टँडजवळ मेहुण्याच्या पंक्चरच्या दुकानात ट्यूब घासत बसला होता. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला. हात काळे होते म्हणून नमस्कार लांबूनच केला.

अप्पांनी कागद दाखवला, रुमाल दाखवला, सगळं सांगितलं. एवढा मोठा माणूस, पण एकदाही आडवळण घेतलं नाही. सही माझीच होती, मी वाचली नव्हती, असं सरळ म्हणाले. मग चावी पुढं केली. "चल गंगाधर."

गंगाधरनं चावी घेतली नाही. तो म्हणाला, "अप्पा, तुमच्यावर माझा राग न्हाई. पर त्या दिवशी मिस्त्रीच्या दुकानात मानसं व्हती. त्यायनी गावाला सांगितलं. आता मी कुनाकुनाला ह्यो कागद दाखवत हिंडू? जे बोलायचं ते तितंच बोला, त्याच मानसांसमोर."

हे तो अप्पांशी बोलत होता, पण बघत माझ्याकडं होता. मी म्हणालो, "उद्या अकरा वाजता ये. मी बोलतो."

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून माणसं गोळा केली. रज्जाकभाई होताच. ते दोन ड्रायव्हर यार्डातून शोधून आणले. चहावाल्याला कप धुवायचं थांबवून बोलावलं. अप्पा आले, त्यांच्यामागं एसटीतून उतरून गंगाधर आला. मी त्याला बाकावर बस म्हणालो तर बसला नाही, दाराशीच उभा राहिला. मग मी बोललो. हा सेट ह्याच गाडीचा आहे. कंपनीनंच बदलून दिलेला आहे, कागद हा बघा. गंगाधरनं काही केलेलं नाही. मी न विचारता बोललो, चार माणसं बघून शहाणपणा केला, माझी चूक झाली. गंगाधर, मला माफ कर. रोज दुकानात माझी टकळी चालायची, पण ही चार वाक्यं बोलताना मी दोनदा अडखळलो.

 गंगाधर म्हणाला, "त्या शाळेला बी सांगा."

मी मुख्याध्यापकांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. सगळं परत सांगितलं, माझ्या चुकीसकट.  ते म्हणाले, "आम्ही दुसरा माणूस घेतला आता. पण बरं झालं सांगितलंत. म्हणजे माणूस इमानदार आहे तर."

"सर, एकदम इमानदार हाय," मी म्हणालो.

फोन ठेवला. तेव्हा कुठं गंगाधर दारातून आत आला, बाकावर टेकला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. अप्पा उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले. गंगाधर मला म्हणाला, "मिस्त्री, आता च्या सांगा."

चहावाला समोरच उभा होता, त्याला नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण मीच त्याची किटली घेतली आणि त्याच्या चहाच्या गाड्यापर्यंत गेलो. गेलो ते बरंच झालं, नाहीतर सगळ्यांसमोर रडलो असतो.